बाराव्या चालीला हात पुढे करावा

बुद्धिबळात ग्रँडमास्टर व्हायचं असेल तर आधी जिंकायचा हट्ट सोडा. आपल्या कोकणातल्या माणसाला हे जड जाईल. जिथे आजोबांनी हातभर बांधासाठी लावलेला दावा नातू चालवतो, तिथल्या पोराला बाराव्या चालीला हसून ‘ड्रॉ?’ म्हणजे ‘बरोबरी करूया?’ असं विचारायला शिकवायचं म्हणजे संस्कारच बदलायला हवेत. पण सरावाने जमतं.

समजा, सावंतवाडीत स्पर्धा आहे, शेवटची फेरी, पहिलं टेबल, आणि बरोबरीचा अर्धा गुण दोघांनाही पुरतो. अशा वेळी पटाकडे बघू नये, क्रॉसटेबलकडे, म्हणजे सगळ्यांच्या गुणांच्या तक्त्याकडे बघावं. जिंकलात तर बक्षीस थोडं वाढेल, हरलात तर पाचव्या नंबरावर जाल आणि रेटिंगही घसरेल. शिवाय संध्याकाळची तुतारी पकडायची आहे. किल्लेकोट करा, दोन प्यादी मारा, हात मिळवा.

कुणी नाक मुरडलंच तर कुरासावचं नाव घ्या. कॅरिबियन समुद्रातलं बेट, उकाडा आपल्यासारखाच. 1962 मध्ये तिथे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा झाली. पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर या तिघा सोव्हिएत खेळाडूंनी आपसातले सगळेच्या सगळे 12 डाव बरोबरीत सोडवले. बाकीचे घाम गाळत राहिले आणि पहिले तीन नंबर या तिघांचे. पुढच्या वर्षी पेट्रोस्यान जगज्जेता झाला. त्याच स्पर्धेत खेळलेल्या अमेरिकेच्या बॉबी फिशरने संगनमताचा आरडाओरडा केला, तेव्हा फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, त्या स्पर्धेची पद्धतच बदलून टाकली. म्हणजे तो अगदीच चूक नव्हता, पण ते तुम्ही बोलून दाखवायचं कारण नाही.

हल्ली आयोजक नियम करतात, त्याला घाबरू नका. 2005 मध्ये बल्गेरियातल्या सोफियाच्या स्पर्धेत ठरलं की खेळाडूंनी एकमेकांना ड्रॉ विचारायचाच नाही, पंचांमार्फत जायचं. गुकेश आणि डिंग यांच्या 2024 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत 40 चालींआधी आपसात बरोबरी ठरवायला बंदी होती. ठीक आहे. तीच स्थिती तीनदा पटावर आली की बरोबरी मागता येते, हा नियम मात्र कुणी काढलेला नाही. बर्लिन बचाव नावाच्या सुरुवातीतली ती प्रसिद्ध वाट पाठ करा (अशा पाठ चालींना खेळाडू ‘थिअरी’ म्हणतात): पांढरा वजीर शह देतो, काळा वजीर आडवा येतो, पांढरा मागे सरतो, काळाही परततो, पुन्हा शह. चौदाव्या चालीला सगळं आटपतं. फक्त मध्ये एकदा वीसेक मिनिटं कपाळाला हात लावून बसा. नियमाने एवढंच साधलं की पूर्वी नुसता हात मिळवला तरी चालायचं, आता थोडा अभिनयही यावा लागतो.

अभिनयाचा मात्र अतिरेक नको. 2023 मध्ये समरकंदच्या जागतिक ब्लिट्झ (अतिजलद डावांच्या) स्पर्धेत दुबोव्ह आणि नेपोम्नियाची या दोन रशियन ग्रँडमास्टरांनी तेरा चाली फक्त घोडे नाचवले. पंचांनी दोघांनाही शून्य दिलं. वजीर नाचवले तर ते शास्त्र, घोडे नाचवले तर तमाशा! हाच नेपोम्नियाची पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला त्याच स्पर्धेच्या अंतिम लढतीत नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसनशी बरोबऱ्या करत राहिला, तेव्हा दोघांना जगज्जेतेपद वाटून मिळालं. अर्ध्या गुणासाठी भोपळा आणि अख्ख्या किताबासाठी मुकुट, हे तारतम्य अनुभवानेच येतं.

एक गोष्ट आपल्या आयोजकांच्या कानावर चुकूनही घालू नका. 2008 मध्ये स्पेनमधल्या बिल्बाओच्या स्पर्धेत विजयाला 3 गुण आणि बरोबरीला 1 ठेवला होता. नॉर्वेत तर बरोबरी झाली की लगेच आर्मागेडनचा जलद डाव खेळवतात. त्यात पांढऱ्याला वेळ जास्त मिळतो, पण तो डावही बरोबरीत सुटला तर काळा जिंकतो. हिशेबच असा फिरवला तर तुमचा अर्धा गुण कोण विचारणार? त्यापेक्षा आयोजकांना भाषणं करू द्या. ‘लढाऊ वृत्ती हरवत चालली आहे’ म्हणाले की मान हलवा आणि पाकीट घ्या.

हॉलमधून निघताना शेवटच्या टेबलांजवळ रेंगाळू नका. तिथे नऊ-दहा वर्षांची पोरं राजा आणि एक प्यादं घेऊन तासन्‌तास भांडत असतात. एखादं मान वर करून विचारेल, “दादा, तुमचो डाव संपलो पण?”

“थिअरी आहे रे,” म्हणावं, आणि स्टेशनची रिक्षा धरावी.