क्षेत्रफळ आणि भाऊबंदकी

तिसरी-चौथीच्या पोरांना घरी क्षेत्रफळ शिकवू नका असं मी म्हणणार नाही, खरं शिकवणार असाल तर आधी घरातल्या मोठ्या माणसांना सौंदत्तीच्या डोंगराला वगैरे पाठवून द्या. पोरांना कळतं हो. मोठ्यांचंच अवघड असतंय.

शाळेतनं वहीत लिहून आलं, घरातल्या वस्तू वापरून जागा मोजा. लांबी गुणिले रुंदी सांगायचं नाही, आधी झाकून बघायचं, मग मोजायचं. मला पटलं ते, कारण सूत्र एकदा तोंडात बसलं की पोरं भाकरीची पण लांबी-रुंदी विचारतात. तर आमची पोरगी आणि शेजारची दोघं अशी पलटण टीपॉयभोवती बसवली, हातात पत्त्यांचा जोड दिला, आळीपाळीनं टीपॉय झाका म्हटलं आणि किती पत्ते लागले सांगा. एवढंच.

एकीनं सगळे पत्ते उभे लावले. दुसऱ्यानं काही उभे काही आडवे, मधे बोटभर फटी. धाकट्याला कडेला जागा उरलेली बघवेना म्हणून तो पत्त्यावर पत्ता चढवतच गेला. तिघांची तीन उत्तरं आणि तिघंही ठाम. आता एकावर एक चढलं की तेवढी जागा दोनदा मोजली जाते, फट राहिली तर ती मोजलीच जात नाही, असं मी साग्रसंगीत सांगायला तोंड उघडतोय तोवर पोरगी ओरडली, "पप्पा, हा फसवायलाय, ह्याच्या राणीखाली सत्ती हाय!" झाला की धडा. मी आपला फूटपट्टी घेऊन उगंच उभा.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, बांगड्यांनी मोजूया. मांडल्या. गोल वस्तूचं हेच दुखणं, कितीही चिकटवा, मधे फट राहतेच. सरळ ओळीत मांडल्या तर शंभरातली एकवीस-बावीस भाग जागा उघडी, आणि एक ओळ अर्धी सरकवून खाचेत बसवल्या तरी नऊएक भाग उरतातच. पोरं सरकवून सरकवून घामाघूम झाली तेवढ्यात आतनं आवाज आला, "काचेच्या हायत त्या. तुमच्या क्षेत्रफळासाठी मी हात मोकळे ठेवून बसू काय?" गोल विषय तिथंच संपला.

शेवटी फरशीवर आलो. आमचा हॉल १० बाय १२, फरशी २ बाय २ ची. पोरं रांगत रांगत मोजायला लागली आणि मधेच आमची पोरगी उठून बसली, म्हणाली, "सगळ्या कशाला मोजायच्या? एका ओळीत ५ हायत, ओळी ६, पाढा म्हणायचा, ३०." सूत्र असं आपणहून आलं ना की शिकवणाऱ्याला फार बरं वाटतं, जरी त्यात त्याचा हात नसला तरी.

इथं थांबायचं होतं. खरं आरामखुर्चीत आज्जा बसलेले.

"फरशी काय शिकवतोस, गुंठा शिकव," म्हणाले आणि एका दमात सुरू. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३, झाले १०८९ स्क्वेअर फूट, गुंठ्याचे आणे १६, आणि ४० गुंठ्यांचा एकर. बेळगावजवळ येळ्ळूर शिवारात भाताची जमीन असलेल्या माणसापुढं कोण बोलणार! वर म्हणाले, बांधावरनं एक फेरी मारून पावलं मोजली की शेत केवढं ते कळतं. मी काडेपेटी आणली. चौकटीच्या कागदावर १६ काड्यांचं कुंपण, एक घर एक काडी. ४ बाय ४ केलं तर आत १६ घरं. त्याच काड्या ६ बाय २ लावल्या तर १२. ७ बाय १ केलं तर ७. कुंपण तेवढंच आणि शेत निम्म्याहून कमी. आज्जा बराच वेळ त्या लांबड्या पट्टीकडं बघत बसले. "धाकट्याला वाटणीत असलीच..." म्हणाले आणि पुढचं न बोलता पानाचा डबा ओढला.

विषय वाटणीवर गेला म्हटल्यावर आत्ती आलीच. तिला सीमेपलीकडं, महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात दिलीय. आमच्याकडं कर्नाटकात उतारा एकर-गुंठ्यात, तिकडं हेक्टर-आरमध्ये. आर म्हणजे १०० चौरस मीटर, स्क्वेअर फुटात १०७६ च्या आसपास, आणि बोलताना तिकडं त्यालाच बिनधास्त गुंठा म्हणतात. म्हणजे सीमा ओलांडली की गुंठा साडेबारा स्क्वेअर फुटांनी आटतो, आणि एवढ्या वर्षांच्या सीमावादात हा मुद्दा कुणी काढलेला माझ्या तरी कानावर नाही.

पोरीनं लगेच फोन लावला. "आत्ती, तुझे २० गुंठे की २० आर?"

"एकच की गं ते. उताऱ्यावर २० आर लिवलंय."

शेजारच्या सहावीतल्या दादानं मोबाईलवर गुणून २५२ स्क्वेअर फूट फरक काढून दिला. आता पोरीला स्क्वेअर फूट काय कळतात? तिनं फरशीकडं बघितलं, बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाली, "आत्ती, तुझे दोन हॉल आणि वर तीन फरशा कमी हायत."

फोनवर कुणी बोलेना. मग मागनं आत्तीच्या मालकांचा आवाज, मग भांडं आपटल्याचा. मी फोन घेऊन समजावून बघितलं की अगं जमीन जागच्या जागी आहे, कुणी उचलून नेलेली नाही, फक्त मोजायचं माप वेगळं, गुंठे म्हणून सांगितलं की आकडा जास्त वाटतो इतकंच.

"तू गप," आत्ती म्हणाली. "जिला हिशेब कळतोय तिला फोन दे."