कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस आणि दाजींचा फॉरवर्ड

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन. "अरे, तुझ्या भाच्याने कॉम्प्युटरसाठी २५ हजार मागितलेत. दाजी द्यायला तयार आहेत, तू फक्त हो म्हण." पाठोपाठ दाजींचा फॉरवर्ड आला. वर तीन आगीचे इमोजी आणि मथळा: '२५ हजारात बीस्ट गेमिंग पीसी! दुकानदार हे कधीच सांगणार नाहीत!!' हाच मजकूर आठवडाभरात मला तिसऱ्यांदा आला होता. कंपनीच्या ग्रुपवर आला, सोडून दिला. सोसायटीच्या ग्रुपवर आला, सोडून दिला. आता मात्र तो नाशिकच्या सिडकोत माझ्या भाच्याच्या टेबलावर चढायला निघालाय, म्हणून लिहितोय.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. सातपूरला कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचं आणि टेस्टिंगचं काम करतो. स्वतःचे आणि मित्रांचे धरून सात-आठ पीसी जोडलेत, त्यातला पहिला जाळलाय.

फॉरवर्ड काय म्हणतो ते थोडक्यात. जुना आय-सेव्हन प्रोसेसर घ्या, 'आय-सेव्हन तो आय-सेव्हन'. ४ जीबीचं जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड लावा, सगळे गेम चालतात. सेकंडहँड कार्ड घेऊ नका, सगळी मायनिंगमध्ये मेलेली असतात. एसएमपीएसवर (घरातली लाइट पीसीच्या पार्टना लागेल तशी करून देणारा डबा) पैसे घालू नका, कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा फुकट येतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर 'घाबरू नका, नॉर्मल आहे, खाली लाकडी पाट ठेवा'. रॅमची एकच कांडी पुरे. बिल घेऊ नका, १८ टक्के जीएसटी वाचतो. आणि नाशिकचे दुकानदार लुटतात, सरळ मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठा.

पाटापासूनच सुरू करतो, कारण तो वाचून मी हातातला चहा खाली ठेवला.

झिणझिण्या का येतात? एसएमपीएसमध्ये लाइट शिरते त्या तोंडाशीच फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात. फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून ते पत्र्याला जोडलेले, आणि पत्रा अर्थिंगला. अर्थिंग धड असेल तर जो किंचित करंट गळतो तो जमिनीत जातो. नसेल तर अख्खं कॅबिनेट २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. म्हणजे दोष बहुतेक वेळा पीसीचा नसतो, घराचा असतो. जुन्या नाशकात, पंचवटीतल्या वाड्यांमध्ये मी स्वतः सॉकेट उघडून पाहिलेत. समोर तीन भोकं, मागे दोनच वायरी, तिसऱ्या स्क्रूला कोळिष्टक.

आता पाट. पाटावर कॅबिनेट बसलं, पोरगं अनवाणी फरशीवर. हात पत्र्यालाच लागणार ना? उद्या आत खरोखर एखादी फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर अर्थिंग असतं तर एमसीबी नाहीतर ईएलसीबी (गडबड झाली की लाइट आपोआप तोडणारे स्विच) पडला असता. अर्थिंग नाही म्हटल्यावर हात लागेपर्यंत काहीच पडत नाही, पहिला हात लावेल त्याच्यातून करंट जातो. त्या मुंग्या म्हणजे घराने आधीच दिलेली सूचना आहे. ती पाटाखाली दडपायची, आणि वर शंभर जणांना तेच करायला सांगायचं!

याच्याच शेजारचा मुद्दा, फुकट एसएमपीएस. माझा पहिला पीसी याच फुकट मालावर उभा होता. दुकानाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, तेव्हा सगळीकडे तेच चालायचं. चार महिने गेम मजेत चालले. जूनमध्ये पहिल्या वळवाला लाइट गेली, आली, परत गेली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा मागून 'फट' असा आवाज. जळक्या बेकलाइटचा वास पडद्यांना दोन दिवस होता. एसएमपीएस गेला याचं दुःख नव्हतं, जाताना मदरबोर्ड घेऊन गेला.

तो एसएमपीएस मी नंतर उघडला. (तुम्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. मी डिस्चार्ज करून उघडला.) तोंडाशी फिल्टरच्या कॉइलसाठी बोर्डावर जागा छापलेली होती, पण कॉइलच नाही. तिच्या जागी तारेचे दोन तुकडे टाकून दिलेले. बारीक ट्रान्सफॉर्मर. एका पिवळ्या वायरचं इन्सुलेशन कनेक्टरपाशी चहासारखं तपकिरी झालेलं. पिवळी म्हणजे १२ व्होल्टची. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड याच १२ व्होल्टवर जगतात.

आता त्या ५०० वॅटचा हिशोब. एसएमपीएसच्या अंगावर स्टिकर असतो, त्यात +१२ व्होल्टसमोर अँपिअर लिहिलेले असतात. माझ्या त्या डबड्यावर १६ होते. बारा सोळे १९२. म्हणजे मोठ्या अक्षरात ५०० छापलं तरी कामाचे वॅट १९२, तेही स्टिकर खरं बोलत असेल तर. आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड एकटं १३२ वॅटचं आहे. आय-थ्री १२१००एफ हा प्रोसेसर जोर लावला की ८९ पर्यंत जातो. बेरीज २२१, अजून पंखे आणि डिस्क धरलेच नाहीत. शिवाय त्या कार्डाला लागणारा आठ पिनचा कनेक्टर असल्या एसएमपीएसला नसतोच. मग लोक मोलेक्सवरून (जुन्या डिस्कचा चार पिनचा कनेक्टर) जुगाड करतात आणि प्लास्टिक वितळलं की कार्डाच्या कंपनीला शिव्या देतात.

'पण आमच्याकडे पाच वर्षं चाललाय' असं कोणीतरी म्हणणारच. चालला असेल. ऑफिसमध्ये टॅली टाकणाऱ्या मशीनला काय लागतं? इंटेलने डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायसाठी डिझाइन गाइड काढलेली आहे, जगभरचे एसएमपीएस तिच्याच मापाने बनतात. १२ व्होल्टची लाइन साधारण पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे ११.४ ते १२.६ मध्ये राहिली पाहिजे. शॉर्ट झालं तर सप्लाय स्वतः बंद झाला पाहिजे. व्होल्टेज वर गेलं तरी बंद झाला पाहिजे. माझ्या फुकट डबड्याने हे शेवटचं काम केलं असतं तर मदरबोर्ड वाचला असता. पॅनलमध्ये असा सप्लाय बसवला तर आमचा क्वालिटीवाला पॅनल परत पाठवेल. जी गोष्ट कारखान्यात मोटरसाठी चालत नाही ती घरात पोरासाठी का चालावी?

'८० प्लस' हा शिक्का सुरक्षिततेचा दाखला नाही, तो वीज किती वाया जाते याचा दाखला आहे. तरीही तो खरा असेल तर आत निदान सर्किट धड आहे एवढं कळतं. १२ व्होल्टचे अँपिअर बघा, वॉरंटीची वर्षं बघा, आणि हातात घेऊन वजन बघा. हसू नका, वजन खूप सांगतं.

आय-सेव्हनचं काय? फॉरवर्डमधला आय-सेव्हन म्हणजे २६००. तो जानेवारी २०११ मध्ये आला. तेव्हा माझा भाचा दोन वर्षांचा होता आणि प्लास्टिकचा डंपर तोंडात घालायचा. कागदावर त्याचे चार कोअर, आठ थ्रेड. २०२२ च्या आय-थ्री १२१००एफचेही तेवढेच. पण मध्ये अकरा वर्षं गेलीत, आणि गेममध्ये हा आय-थ्री त्या आय-सेव्हनला मागे टाकतो. विंडोज ११ च्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे नेहमीचे प्रोसेसर जवळजवळ नाहीतच, हा तर दुसऱ्या पिढीचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. भाच्याला खेळायचाय व्हॅलोरंट, आणि विंडोज ११ वर तो टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मदरबोर्डातल्या सुरक्षेच्या नव्या सोयी मागतो. जुगाड करून विंडोज बसेलही, व्हॅलोरंटची समजूत कशी घालणार? फक्त जुना जीटीए ५ खेळायचा असेल तर हा आय-सेव्हन चालेल, एवढं कबूल करतो.

४ जीबी कार्डाची गंमत पाटाच्या खालोखाल आहे. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड. त्याच्या डीडीआर३ वाल्या ६४ बिटच्या मॉडेलमध्ये मेमरीतून सेकंदाला १४.४ जीबी माल ये-जा करतो. आरएक्स ६६०० मध्ये २२४ जीबी. कांद्याची चाळ कितीही लांब बांधा, दार एका पाटीचं ठेवलं तर ट्रॅक्टर दिवसभर उभाच राहणार. त्यापेक्षा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्या. त्याच्या पोटात ग्राफिक्स आहेच, आणि डीडीआर४ ३२०० रॅमच्या दोन कांड्या लावल्या की त्याला ५१.२ जीबीचा रस्ता मिळतो. एकच कांडी लावली तर बरोबर निम्मा. कांडीच्या मुद्द्याचं उत्तरही त्यातच आलं: १६ ची एक नको, ८ च्या दोन.

बिल. १८ टक्के वाचतात, खरं आहे. काही कंपन्या सिरियल नंबरवरून वॉरंटी देतात, हेही खरं आहे. पण दुकानदाराने ओळख विसरायची ठरवली की तुमच्या हातात काय राहतं?

लॅमिंग्टन रोडला काही पार्ट स्वस्त मिळतात, नाकारत नाही. पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून ग्रँट रोड, मीही गेलोय. पण रॅमची कांडी खराब निघाली की परत तीच पंचवटी, परत एक सुट्टी. एम. जी. रोडवरच्या दुकानदाराच्या डोक्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बसता येतं.

सेकंडहँड कार्डाचा मुद्दा मात्र निम्मा खरा. इथेरियमचं मायनिंग (कार्ड रात्रंदिवस राबवून क्रिप्टो चलन कमावणं) सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं आणि बाजारात वापरलेल्या कार्डांचा ढीग आला. त्यातली सगळी मेलेली नाहीत, बऱ्याचदा फक्त पंखे आणि थर्मल पॅड बदलावे लागतात. समोर लावून, अर्धा तास गेम चालवून घ्या. आरएक्स ५८० म्हणून विकलं जाणारं '२०४८ एसपी' कार्ड मात्र खऱ्या ५८० पेक्षा कमी ताकदीचं आहे, खऱ्यात २३०४ एसपी, म्हणजे हिशोब करणारी छोटी युनिटं, असतात. बॉक्सवर बघू नका, सॉफ्टवेअरमध्ये बघा.

मग भाच्याला काय सांगितलं? ५६००जी, दोन कांड्या, एसएसडी, आणि ५५० वॅटचा धड एसएमपीएस. कार्ड आत्ता नाही. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी चढल्यापासून नव्या मालात हे २५ हजारात बसत नाही, दाजींना तसं स्पष्ट कळवलंय. काचेचं कॅबिनेट आणि रंगीत पंखे यादीतून काढले, त्यावर "मामा, पण..." एवढंच येऊन फोन बंद झाला.

दाजींचं उत्तर सकाळी आलं: अंगठा, आणि त्याखाली लिंबाने मुतखडा विरघळवायचा नवा फॉरवर्ड. रविवारी मल्टिमीटर घेऊन सिडकोत जातोय. भाच्याच्या खोलीतल्या सॉकेटची फेज आणि अर्थिंग आधी मोजतो, यादी दुकानात नंतर नेऊ.