चांगुलपणाचा दाखला

लेकरावर अत्याचार करणारा परगावचा असला की आमच्याकडं एकच सूर असतो: चौकात फाशी द्या. तोच आपला गुरुजी, कीर्तनातला महाराज, नाहीतर घरातलाच काका-मामा निघाला की तीच माणसं दुसऱ्या दिवशी म्हणतात, ‘अहो, त्याच्या बायकोलेकरांचं काय?’ मला या दुसऱ्या सुरावर लिहायचंय. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचे गेल्या काही वर्षांचे आकडे काढून बघा. पोक्सोच्या, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या, अत्याचाराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी लेकराच्या ओळखीतलेच असतात. परगावचा तो क्वचितच असतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. मागं एका गावचं प्रकरण झालं, आरोपी आमच्याच पेशातला. गाव, साल, नाव काहीच लिहिणार नाही. पोरीची ओळख पटेल असं काही छापणं हा कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा कमेंटमध्येही ‘हे अमुक गावचंच ना?’ असं कुणी विचारू नका, मी ती कमेंट काढून टाकीन.

अटक झाल्यावर काही मंडळी मधल्या सुट्टीत शाळेत आली. हातात टाइप केलेला फुलस्केप कागद. ‘सदर इसम हे गावात प्रतिष्ठित, मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीचे असून त्यांचेविरुद्ध आजपावेतो कोणतीही तक्रार नाही.’ खाली सह्या आणि अंगठे, कडेला सरपंचाचा तिरपा शिक्का. अक्षर ओळखणं हा माझा रोजचा धंदा आहे. सलग सहा सह्या एकाच हातच्या होत्या, आणि त्यातल्या दोघींपुढं लिहिलं होतं ‘माजी विद्यार्थिनी’.

‘मॅडम, तुमी बी करून द्या न सही. मानूस वाईट नाही हो. इतके वर्सं झाले, कोनाच्या अध्यात ना मध्यात. पोरायले घरी बोलावून फुकट शिकवे तो.’

मी नाही म्हटलं. ‘काऊन?’ म्हणून एकानं विचारलं, पण उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही, त्यांना अजून दोन शाळा करायच्या होत्या. तेव्हा ते उत्तर इथं लिहिते.

त्या कागदावरची एकूण एक ओळ म्हणजे तो गुन्हा घडला कसा याचं वर्णन होतं. प्रतिष्ठित होता म्हणून आयांनी पोरी त्याच्याकडं निर्धास्त पाठवल्या. धार्मिक होता म्हणून कुणी दाराआड डोकावलं नाही. फुकट शिकवायचा म्हणून कापूस वेचायला गेलेली आई अंधार पडेपर्यंत निश्चिंत होती. ‘आजपावेतो तक्रार नाही’, कारण तक्रार केली असती तरी गावानं पोरीलाच खोटं पाडलं असतं, आणि हे त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. ज्या नावाच्या जोरावर गुन्हा केला, तेच नाव शिक्षा कमी व्हावी म्हणून कोर्टापुढं ठेवायचं? माझं सगळं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे.

कायद्याचं म्हणाल तर कायदा याबाबत स्पष्ट आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं शाळेतला किंवा धार्मिक संस्थेतला कर्मचारी, सरकारी नोकर, नातेवाईक, एकाच घरात राहणारा आणि लेकराच्या विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेला माणूस, यांनी केलेला गुन्हा मुद्दाम वेगळा काढला आणि तो जास्त गंभीर ठरवला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा माणसानं बलात्काराच्या स्वरूपाचा अत्याचार केला तर किमान २० वर्षं, तिथून पुढं मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशीही. लैंगिक हेतूनं अंगाला हात लावला तर ५ ते ७ वर्षं. तेच ओळख नसलेल्यानं केलं असतं तर ३ ते ५. म्हणजे विश्वासाची जागा शिक्षा वाढवते, असं संसदेनं लिहून दिलेलं आहे. आणि किमान शिक्षेच्या खाली कोर्टालाही उतरता येत नाही. उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात हायकोर्टानं १० वर्षांची ७ केली होती, सुप्रीम कोर्टानं जुलै २०२३ मध्ये ती पुन्हा १० केली.

मग सवलत शिरते कुठून?

एक तर कलमातून. आरोपी त्याच शाळेवर शिक्षक होता, पोरगी त्याच शाळेची होती, हे गावाला तोंडपाठ असतं. पण कोर्टाला नेमणुकीचा आदेश लागतो, हजेरीपट लागतो, आणि पोरीच्या वयासाठी दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत नाव घातल्याची-काढल्याची नोंदवही, लागतं. ते रजिस्टर घेऊन साक्षीला उभं कोण राहणार? त्याच शाळेचा मुख्याध्यापक, काल-परवापर्यंत आरोपीच्या डब्यातली भाजी खाणारा. रजिस्टर ‘सापडत नाही’, जन्मतारखेत खाडाखोड निघते, तपासणारा अधिकारी एक कागद जोडायला विसरतो, आणि गुन्हा वरच्या कलमातून खालच्या कलमात घसरतो. निकालात कुठंही दया दाखवलेली दिसत नाही. दया आधीच, कपाटाजवळ, दाखवून झालेली असते.

दुसरी जागा शिक्षेच्या सुनावणीची. दोषी ठरवल्यावर शिक्षा सुनावण्याआधी कोर्ट आरोपीचं म्हणणं ऐकतं. ऐकायलाच पाहिजे, त्यावर माझा काही आक्षेप नाही. आरोपीचा वकील सांगतो: पहिलाच गुन्हा, म्हातारे आईवडील, घरात कमावता एकटाच, समाजात मान. सरकारी वकील बरेचदा ‘जास्तीत जास्त शिक्षा द्यावी’ एवढ्यावर आटोपतात. तिथं कुणीतरी उठून म्हणायला हवं की साहेब, हा मान हेच हत्यार होतं. पोरीनं शाळा सोडली का, ती रात्री झोपते का, तिची आई आता कुणाकडं कामाला जाते, हे त्या दिवशी कोर्टापुढं कोण मांडतं? पीडितेला स्वतःचा वकील देण्याची तरतूद कायद्यात आहे, ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणानं तो द्यायचा असतो. घाटंजी-मारेगावकडच्या किती मजूर बायांना हे माहीत असेल, तुम्हीच अंदाज करा.

इंग्लंडमध्ये अशा गुन्ह्यांच्या शिक्षेसाठी न्यायाधीशांपुढं लेखी मार्गदर्शिका असते. तिच्यात विश्वासाचा गैरफायदा हा शिक्षा वाढवणारा मुद्दा आहेच. शिवाय चांगल्या नावाचा वापर गुन्हा सोपा करायला झाला असेल तर ते नाव आरोपीच्या विरोधातही धरता येतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या शिक्षाविषयक कायद्यातच लिहिलंय की लेकरांवरच्या लैंगिक गुन्ह्यात चांगल्या नावाची मदत झाली असेल तर ते सवलतीसाठी धरायचं नाही. तिथल्या राष्ट्रीय चौकशी आयोगानं २०१७ मध्ये हाच नियम सगळ्या राज्यांनी करावा अशी शिफारस केली. आपल्याकडं शिक्षा ठरवण्याच्या अशा मार्गदर्शिकाच नाहीत. फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवणाऱ्या मलिमथ समितीनं २००३ मध्ये त्यांची गरज सांगून ठेवलीय. तेव्हा पहिलीत असलेली माझी पोरं आता बाप झालीत.

तिसरी जागा बेरजेची. आश्रमशाळेत, वसतिगृहात, शाळेत पोरगी एकटी नसते. एकीनं तोंड उघडलं की मागून चार-पाच निघतात. समजा पाच पोरींबाबत हात लावल्याचे गुन्हे सिद्ध झाले आणि प्रत्येकीसाठी ५ वर्षं लागली. निकालाच्या शेवटी ओळ असते, ‘सर्व शिक्षा एकत्रित भोगावयाच्या आहेत.’ झाली पाच पोरींची मिळून ५ वर्षं. त्यातून खटला चालताना कोठडीत काढलेले दिवस वजा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कोर्टानं गुन्ह्याचं गांभीर्य बघून शिक्षा एकत्र की एकापाठोपाठ ते ठरवायचं आहे. आता या ‘गांभीर्या’त विश्वासाच्या जागेला वजन मिळतं का, ते मला बघायचंय.

मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ म्हटलं की लोकांना २०२१ चा तो निकाल आठवतो, कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोखाली लैंगिक अत्याचार ठरत नाही असं म्हणणारा. सुप्रीम कोर्टानं तो त्याच वर्षी नोव्हेंबरात रद्द केला, चांगलंच झालं. पण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं राजुरा कुणाला आठवत नाही. २०१९ मध्ये तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी पोरींवरच्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं. अत्याचाराची माहिती असून पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप एका डॉक्टरवर होता. त्याच्यावरचा गुन्हा खंडपीठानं रद्द केला होता, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२२ मध्ये तो आदेश फिरवला आणि सांगितलं की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, बहुतेक वेळा तो आरोपीला वाचवण्याचाच प्रयत्न असतो. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोळ्याला घरी आलेली पोर ‘मी नाही जात वापस’ म्हणून रडते, तेव्हा तिला दोन रपाटे देऊन बसमध्ये बसवणाऱ्या बापाला मी फार दोष देत नाही. पण वसतिगृहात जेवणं सोडलेल्या पोरीकडं बघून ज्याला सगळं समजलं आणि जो गप्प बसला, त्याच्यावर गुन्हा नोंदवताना पोलिसांचा हात इतका का अडखळतो?

तडजोडीचंही तेच. राजस्थानात एका शिक्षकानं पोरीच्या बापाशी ‘आपसात’ करून हायकोर्टातून गुन्हा रद्द करून घेतला होता. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा उभा केला. अत्याचार पोरीवर झाला आणि समझोता बापानं केला, हे आपल्या गावांतही कुणाला खटकत नाही. ‘पोट्टीचं लगन कसं होईन?’ एवढं म्हटलं की सगळे माना डोलावतात.

एवढं लिहूनही मी फाशीच्या बाजूची नाही. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान पोरींवर अत्याचार झाला, त्या वेळी रूळावर उतरून लोकांनी फाशी मागितली, महिन्याभरानं आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला, आणि खटल्यात जे उलगडायला हवं होतं ते त्याच्याबरोबर गेलं. घरातल्या प्रकरणात तर शिक्षेचा आकडा जितका मोठा, तितकी साक्ष कच्ची. बाप २० वर्षं आत गेला तर सोयाबीनचं कर्ज कोण फेडणार, हा प्रश्न आईपुढं खरा असतो. सासू रोज तोच विचारते. मग आई कोर्टात उभी राहून म्हणते, ‘मले काही माहीत नाही’, आणि आपण तिला फितूर म्हणून मोकळे होतो. तिला उभं राहायचं असेल तर आधी हातात पैसा लागतो. अत्याचार झालेल्यांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेत १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पोक्सोचं विशेष कोर्ट निकालाआधी अंतरिम भरपाईही देऊ शकतं. शिक्षेचा आकडा वाढवण्यापेक्षा मला हा पैसा वेळेवर आलेला बघायला आवडेल.

दरम्यान आमच्या पेशातल्या निलंबित आरोपीला निर्वाह भत्ता सुरू असतो. तो नियमानं आहे, असू द्या. पण त्याच्या वकिलासाठी वर्गणी काढायची, मागच्या दारानं दाखल्यावर सह्या गोळा करायच्या, मुख्याध्यापकाला ‘रजिस्टर जरा सांभाळून’ असं सुचवायचं, हे नियमात बसत नाही. खटल्यात निर्दोष सुटायचा हक्क त्याला आहे, त्यासाठी वकील आहे, कोर्ट आहे. त्याच्या चांगुलपणाचा दाखला देणारे आपण कोण?

ही पोस्ट मी आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकतेय. ज्यांना मला ग्रुपमधून काढायचं असेल त्यांनी खुशाल काढा, फक्त त्या कागदावर तुमची सही होती की नाही तेवढं आधी तिथं लिहा.