उंदराचा ‘अख्खा मेंदू’ खरंच संगणकात उतरला का?

‘जपानच्या महासंगणकात उंदराचा अख्खा मेंदू चालू झाला, एकेक जोडणी हुबेहूब उतरवली, आता पाळी माणसाची, प्राण्यांवरचे प्रयोग संपले,’ असा दावा गेले काही महिने फिरतो आहे. त्यामागचं काम खरं आहे आणि मोलाचंही आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूटने जपानी संशोधकांसह, कोबेतल्या ‘फुगाकू’ महासंगणकावर चालवलेलं सिम्युलेशन (संगणकी नक्कल) जाहीर केलं. त्यात जवळपास १ कोटी न्यूरॉन (मेंदूतल्या चेतापेशी), २६ अब्ज सिनॅप्स (त्या पेशींमधल्या जोडण्या) आणि ८६ भाग आहेत. पण त्यावरून काढलेले निष्कर्ष टिकत नाहीत.

‘अख्खा मेंदू’: नाही, फक्त कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर. उंदराच्या मेंदूत सुमारे ७ कोटी न्यूरॉन असतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त मागच्या लहान मेंदूत. म्हणजे संख्येने बघितलं तर साधारण सातवा हिस्सा झाला.

‘एकेक जोडणी हुबेहूब’: दाव्यातला सगळ्यात चुकीचा भाग हाच. उंदराच्या कॉर्टेक्समधली जोडणी सिनॅप्सच्या पातळीवर मोठ्या प्रमाणात उकलली गेली ती मायक्रॉन्स प्रकल्पात, २०२५मध्ये. तीही दृष्टीच्या भागातल्या जेमतेम १ घन मिलिमीटरची, आणि तेवढ्यातच सुमारे ५२ कोटी सिनॅप्स सापडले. कॉर्टेक्स साधारण १०० घन मिलिमीटर धरला, तर ढोबळ हिशेब ५० अब्जांवर जातो. मॉडेलमध्ये २६ अब्ज आहेत. उरलेल्या कॉर्टेक्सचा असा नकाशाच हातात नाही, मग हुबेहूब उतरवणार कशावरून? कोणत्या थरात कोणत्या प्रकारच्या पेशी किती, कुठून कुठे तंतू जातात, याच्या मोजमापांवरून जोडण्या संभाव्यतेने पेरल्या जातात. सरासरी खऱ्या मेंदूसारखी येते. एखाद्या विशिष्ट उंदराच्या आठवणी किंवा सवयी त्यात असण्याचा प्रश्नच नाही.

‘आता माणूस’: माणसाचे न्यूरॉन सुमारे ८६ अब्ज, उंदराच्या हजारपटीहून जास्त. पण अडचण फक्त संगणकाच्या ताकदीची नाही. सी. एलिगन्स या किड्याचे न्यूरॉन ३०२, जोडणीचा नकाशा १९८६पासून उपलब्ध. तरी नुसत्या नकाशावरून त्याचं सगळं वागणं काढता आलेलं नाही, कारण सिनॅप्सची ताकद आणि रासायनिक संदेशांचा परिणाम नकाशात दिसत नाही.

‘प्राण्यांवरचे प्रयोग संपले’: अ‍ॅलन इन्स्टिट्यूटचा २०१४चा जोडणी-नकाशा उंदरांच्या मेंदूत दिलेल्या ४६९ इंजेक्शनांतून आला. विषाणूमार्फत चमकणारं हिरवं प्रथिन पेशींत सोडायचं, मग मेंदूचे पातळ काप घेत तंतू कुठवर पोचले ते बघायचं. असा माल मिळाल्याशिवाय मॉडेल सुरूच होत नाही.

‘मोजमापाशी जुळलं, म्हणजे मॉडेल बरोबर’: हा युक्तिवाद जाणकारही करतात, म्हणून इथे थांबायला हवं. हा मुख्यतः दुसऱ्या जातीच्या मॉडेलबद्दल होतो. त्यात एकेक न्यूरॉन नसतो. वरच्या नकाशातले २१३ भाग घ्यायचे, प्रत्येकाला दोन-चार समीकरणं द्यायची आणि तंतूंच्या ताकदीनुसार जोडायची. हे साध्या लॅपटॉपवरही चालतं. इंजेक्शनं उजव्या बाजूलाच दिलेली असल्याने डावी बाजू बहुधा आरशासारखी उलटवून भरतात. जोडण्यांच्या ताकदीत एक लाखपटीहून जास्त फरक असतो. लॉगरिदम न घेता आकडे तसेच घातले, तर चार-दोन जाड जोडण्याच सगळं हाकतात.

मग एक गुणक फिरवायचा: भागांमधल्या जोडणीची एकूण ताकद. कमी ठेवला की प्रत्येक भाग आपल्यापुरता हलतो, जास्त झाला की सगळा मेंदू एका तालात डोलतो. मधल्या अरुंद पट्ट्यात एफएमआरआयशी, म्हणजे रक्तप्रवाहावरून मेंदूची क्रिया टिपणाऱ्या स्कॅनशी, साम्य दिसतं. पण तो पट्टा त्याच एफएमआरआयवर शोधलेला असतो, मग जुळण्याचं नवल काय? गुणक काही उंदरांवर ठरवून दुसऱ्याच उंदरांवर तपासायला हवा. शिवाय समीकरणं बाजूला ठेवून नुसता जोडणीचा तक्ता एफएमआरआयशी किती जुळतो, तेही शेजारी छापायला हवं. मॉडेलने त्यापेक्षा फारसं जास्त दिलं नसेल, तर समीकरणांनी काही मिळवलं नाही.

स्कॅनसाठी उंदराला दिलेल्या भुलीचाही घोळ असतो. आयसोफ्लुरेन या भुलीच्या औषधाने रक्तवाहिन्या फुगतात, मात्रा वाढली की कॉर्टेक्सची क्रिया तुटक होते. जोडणी तीच राहून एफएमआरआयचं चित्र बदलतं. आणि उंदराच्या मेंदूत संदेश काही मिलिसेकंदांत पोचतो, तर स्कॅनची एक फेरी साधारण सेकंदाची. अशा स्कॅनवरून मॉडेलमधलं संदेश पोचण्याच्या विलंबाचं गणित बरोबर ठरलं असं म्हणणं चूकच.

खरी कसोटी बदल करून बघण्याची. बीटीबीआर जातीच्या उंदरांत दोन अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम जन्मतः नसतो. साध्या उंदरावर बसवलेल्या मॉडेलमधून ते तंतू काढून टाकायचे, गुणकाला हात लावायचा नाही, आणि डाव्या-उजव्या बाजूचा मेळ किती घटतो याचा अंदाज स्कॅन बघण्याआधीच लिहून ठेवायचा.