भुसावळ आधीपासूनच तापतं, मग?

उन्हाळा लागला की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर दरवर्षी नव्याने उगवतो. थोडक्यात असा: भुसावळला आजोबांच्या काळीही पंचेचाळीसच्या पुढे पारा जायचाच, पृथ्वीचं हवामान कायम बदलत आलंय, एक ज्वालामुखी माणसापेक्षा जास्त वायू सोडतो, कार्बन डायऑक्साइड हवेत जेमतेम ०.०४ टक्के, आणि तो तर पिकाचं अन्न. तेव्हा ‘तापमानवाढ माणसामुळे’ हे आपल्याला मागे ठेवायला परदेशी लोकांनी रचलेलं थोतांड. मजकूर चालतो, कारण त्यातली पहिली दोन वाक्यं खरी आहेत.

भुसावळ तापायचंच. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधे तापीची सखल पट्टी, समुद्र लांब, एप्रिलात रानं उघडी. पण भुसावळ इतर गावांपेक्षा गरम का, हा वाद कोणी घातलेलाच नाही. वाद आहे तो सगळ्या पृथ्वीची सरासरी वर का सरकते याचा, आणि त्या सरासरीत समुद्र येतात, हिवाळे येतात, रात्री येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत ती एक अंशाहून जास्त चढली आहे. २०२४ हे नोंदी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. भारताची सरासरी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढली. हा आकडा लहान दिसतो, कारण आपल्याकडच्या हवेतले धूर-धुळीचे कण थोडं ऊन अडवून धरतात आणि वाढीचा काही भाग झाकतात. हवा स्वच्छ करू तेव्हा तो भागही अंगावर येईल, ही आणखी एक कटकट.

हवामान पूर्वीही बदललं, याचा पुरावा तर खानदेशातच आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी सापडले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे इथे शहामृग हिंडत होते! पुढे हिमयुग ओसरलं. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या कक्षेतल्या संथ फरकांनी त्याला सुरुवात करून दिली, आणि पाच-सहा अंश चढायला दहा हजारांच्या आसपास वर्षं लागली. आत्ताचा एक अंश दीडशे वर्षांतला, त्यातही बहुतेक वाढ गेल्या पन्नास वर्षांतली. कक्षेचा हिशेब पाहिला तर सध्या पृथ्वी उलट अगदी हळूहळू थंडावायला हवी होती. सूर्य म्हणाल, तर १९७८ पासून उपग्रह त्याचं तेज मोजत आहेत. अकरा वर्षांच्या चक्रात ते किंचित वरखाली होतं, चढत मात्र नाही.

ज्वालामुखीचा मुद्दा खानदेशी माणसाने मांडावा याची मला गंमत वाटते. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सगळा लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. भेगांत थिजलेल्या त्या लाव्ह्याच्या भिंती धुळे-नंदुरबारच्या माळांवर अजूनही लांबच लांब टेकड्या होऊन उभ्या आहेत. त्या उद्रेकांनी हवामान ढवळलं हे खरंच, पण ते लाखो वर्षं चालले होते. आजचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला अर्धा अब्ज टनही कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत. कोळसा, तेल, गॅस आणि सिमेंट यांतून माणूस सोडतो सुमारे ३७ अब्ज टन. १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो फुटला, तेव्हा त्याच्या गंधकी धुरकटाने जग वर्ष-दोन वर्षं थोडं थंडच झालं.

शिवाय हवेत वाढलेला कार्बन कुठला, हे ओळखता येतं. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात जळतो तो दगडी कोळसा कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला असतो, त्यामुळे त्यातला कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर आपोआप घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन, केव्हाच संपलेला. मुळात वनस्पतींपासून बनलेला असल्याने त्यात कार्बन-१३ हा कार्बनचा किंचित जड प्रकारही कमी. हवेतही या दोन्हींचं प्रमाण नेमकं त्याच दिशेने घटताना दिसतं. ज्वालामुखीच्या वायूत कार्बन-१३ इतकं कमी नसतं. त्यात भर म्हणजे हवेतला ऑक्सिजनही किंचित कमी होतोय. जळण जळतंय म्हटल्यावर तो होणारच. दीपनगरच्या धुराने भुसावळच तापतं, असं आपल्याकडे पुष्कळ जण म्हणतात, तेही बरोबर नाही. तिथला कार्बन डायऑक्साइड गावावर बसून राहत नाही, जगभरच्या हवेत मिसळतो.

०.०४ टक्के म्हणजे किती? पंधरा लिटरच्या फवारणी पंपात सहा मिली औषध. ‘एवढ्याने काय होतंय’ असं कपाशीवाला कधी म्हणत नाही. अर्थात हा झाला दाखला, पुरावा नव्हे. पुरावा जॉन टिंडलने १८५९ मध्येच प्रयोगशाळेत दिला: हवेत भरमसाट असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेचे किरण जवळजवळ अडवत नाहीत, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ अडवतात. आणि हे प्रमाण स्थिरही नाही. कारखानदारीआधी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. दीडपट.

पिकाचं अन्न हे अर्धं खरं. कपाशी, केळी, गहू यांना जादा कार्बन डायऑक्साइड मानवतो. ज्वारी-मक्याला फारसा फरक पडत नाही. पण तो एकटा येत नाही, ऊन घेऊन येतो. रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा, मे महिन्यातल्या गरम वाऱ्याने पानं फाटतात, घड सटकतात, तेव्हा हवेतल्या जादा अन्नाचं तो काय करतो. फेब्रुवारी-मार्चातच ऊन चटकलं तर गव्हाचा दाणा बारीक राहतो. २०२२ चा मार्च १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च होता, आणि उत्तरेत गव्हाचा उतारा घटला.

राहिला परदेशी कटाचा मुद्दा. वर दिलेला ०.७ अंश हा भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालातला आहे. तो पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झाला, आणि ही वाढ मुख्यतः माणसाने सोडलेल्या हरितगृह वायूंमुळे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारख्या उष्णता अडवणाऱ्या वायूंमुळे झाली असं त्यातच म्हटलंय. आता कटाचा फायदा कोणाला, तेही पाहू. इंधन जाळून आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. भारताचा चार टक्क्यांच्या आसपास. ‘ज्यांनी जास्त जाळलं त्यांनी जास्त भरावं’ ही भारताची भूमिका १९९२ च्या रिओ परिषदेपासूनची आहे. माणसामुळे काही झालंच नाही असं आपणच म्हणालो, तर पहिल्यांदा अमेरिकेचं बिल माफ होतं, आणि केळीचं नुकसान रावेरवाल्याच्याच खात्यावर राहतं.