मकरंदचं एक्स्टेन्शन

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि नेमके त्याच दिवसांत आम्ही दहा जण बर्फावरच्या हॉकीतल्या खेळाडूंचे करार वाढवायला बसतो. कूलरच्या टाकीत पाणी कोणी भरायचं यावर घरात एकमत होत नाही, पण डेन्व्हरच्या एका बचावपटूला वर्षाला किती मिलियन डॉलर द्यायचे यावर रात्री बारापर्यंत खल चालतो.

हे खूळ बायकोच्या मोठ्या भावाचं. तो काही वर्षं कॅनडात एडमंटनला होता, मग मिहानमध्ये नोकरी धरून परत आला. परदेशातून लोक चॉकलेटं आणतात, यानं अख्खी एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली बर्फावरच्या हॉकीची लीग, आणली. फँटसी लीग काढली, दहा जणांना टीम वाटल्या आणि स्वतः कमिशनर झाला. तिकडे खेळाडूनं गोल केला की इकडे आमचे गुण वाढतात. डेन्व्हरला संध्याकाळी सातला मॅच सुरू झाली की हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात, त्यामुळे माझा निम्मा हंगाम तर्री पोह्याच्या ठेल्यासमोर मोबाईलमध्ये डोकं घालून जातो.

डॉलर अर्थातच कागदावरचे. पण सॅलरी कॅप खरी, २०२५-२६ च्या हंगामाची तिकडची तीच इकडे: ९५.५ मिलियन. एवढ्यात सगळी टीम बसवायची. करार संपत आला की मालकानं एक्स्टेन्शनसाठी जास्तीत जास्त तीन ऑफर द्यायच्या. खेळाडूचा आकडा पासवर्ड लावलेल्या एक्सेलमध्ये लपवलेला असतो. तिसरी ऑफरही त्याच्या खाली राहिली, तर खेळाडू लिलावात. आता, नागपुरात आपला कोणी मालक बसलाय हे त्या खेळाडूच्या गावीही नाही. मग वाटाघाटी करायच्या कोणाशी? नियमावली म्हणते, सर्व खेळाडूंचा एजंट कमिशनरच राहील.

यंदा माझ्याकडे डेन्व्हरच्या केल मकारचा करार संपत होता. हा साधा बचावपटू नाही. २०२४-२५ मध्ये त्यानं ३० गोल आणि ६२ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास) केले आणि सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी दुसऱ्यांदा घरी नेली. त्याला लिलावात सोडणं परवडणारं नव्हतं. विशेष म्हणजे लीगमध्ये माझी बायकोही आहे, आणि तिनं कॅपमध्ये भरपूर जागा राखून ठेवली होती. कशासाठी, ते विचारायची माझी छाती नव्हती.

मी तयारीनिशी गेलो. ऑफिसात अप्रेझलच्या फॉर्मवर मुकाट्यानं सही करून येणारा मी, मकारसाठी मात्र तुलनेचे तक्ते काढून नेले. वाटाघाटी ठरल्या सासुरवाडीत, रविवारच्या जेवणावर. इथेच मी निम्मा हरलो. इतवारीत आणि बर्डीवर माझं एकच शस्त्र चालतं: "राहू द्या" म्हणायचं आणि उठून चालायला लागायचं. चार पावलांत दुकानदार हाक मारतो. पण सासुरवाडीच्या ताटावरून उठणार कसं? जावई पाटोडीचा रस्सा अर्धा टाकून उठला की सासूबाई ते मकारपर्यंत नेत नाहीत, थेट लग्नातल्या मानपानापर्यंत नेतात.

त्यात आमचा मेहुणा एकदा एजंट झाला की भाषाच बदलतो. एरवी तोंडात अस्सल वऱ्हाडी, पण अशा वेळी एकदम सदाशिव पेठेत शिरतो.

"माझ्या क्लायंटच्या काही अपेक्षा आहेत, भाऊजी."

"दादा, त्याच्या जर्सीचा नंबर आठ आहे," मी म्हणालो. "आठ मिलियन घ्या. क्रॉस्बीचा नाही का, जन्म ७ ऑगस्ट १९८७ चा, जर्सी ८७ आणि पगार वर्षाला ८.७ मिलियन?"

"मॅकडेव्हिडची जर्सी ९७ ची आहे," तो म्हणाला. "देता का ९७ मिलियन? सगळी टीम सोडून दिली तरी दीड मिलियन कमी पडतील तुम्हाला."

पहिली ऑफर गेली. पण मॅकडेव्हिडचं नाव त्यानंच काढलं म्हणून मला जोर चढला. "ऑक्टोबर २०२५ मध्ये मॅकडेव्हिडनं काय केलं? जगातला सगळ्यात भारी खेळाडू, पण साडेबारा मिलियन होते त्याच साडेबारावर दोन वर्षं राहिला. एक डॉलर वाढ नाही! माणूस पैशावर जात नाही, दादा. मकार साडेनऊला राहील."

"तो जिंकायला थांबला, भाऊजी. तुमच्या टीममध्ये जिंकण्यासारखं काय आहे?"

सासूबाईंनी याच क्षणी माझ्या ताटात आणखी एक पाटोडी वाढली. सहानुभूती असावी.

मग त्यानं हल्ला चढवला. काप्रिझोव्ह नावाच्या खेळाडूनं आठ वर्षांचे १३६ मिलियन घेतले, म्हणजे वर्षाला १७. पुढच्या हंगामात तिकडची कॅप १०४ वर चालली आहे. खरा मकार आज ९ मिलियनवर असला, तरी १ जुलैपासून त्याला खरं एक्स्टेन्शन करता येतं. तो आकडा एकदा पेपरात आला की मग माझ्याशी बोलायला येऊ नका. एवढं बोलून त्यानं शांतपणे ताकाचा पेला उचलला. समोर बायको लोणच्याची फोड चोखत लिलावाची वाट पाहत होती.

शेवटी मी लवादाची मागणी केली. एनएचएलमध्ये पगाराचा लवाद असतोच. आमच्या नियमावलीत लवाद म्हणजे घरातली सगळ्यात वडीलधारी व्यक्ती. सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. हॉकी म्हटलं की त्यांना ध्यानचंद आठवतात आणि तिथेच त्यांचा विषय संपतो.

"पोरगा कोण?"

"मकार."

"मकरंद? वय काय त्याचं?"

"२७."

"सध्या किती कमावते?"

"सहा वर्षांचे ५४ मिलियन, बाबा," एजंट म्हणाला.

"अन् तो हे सोडून आपल्या जवायाकडे कायले येऊन राहिला?"

या प्रश्नाचं उत्तर नियमावलीत नव्हतं. मी ११ मिलियन, दोन वर्षं अशी तिसरी ऑफर टाकली. सासऱ्यांनी ती मंजूर केली, पण म्हणाले, सगळं लेखी घ्या. विदर्भाच्या माणसाला करार म्हटलं की १९५३ चा नागपूर करारच आठवतो. "त्यात लिहून होतं म्हणून अधिवेशन तरी येते डिसेंबरात," ते म्हणाले, "बाकी काय काय आलं ते मले नका विचारू." मग त्यावर अर्धा तास गेला. सिंचनाच्या अनुशेषापासून सुरू झालेली गाडी मकारपर्यंत परत यायला आमरस संपावा लागला.

एजंटनं लॅपटॉप उघडून पासवर्ड टाकला. त्याचा आकडा १०.८ होता. बायकोनं लोणच्याची वाटी जरा जोरातच खाली ठेवली.

"अभिनंदन, भाऊजी. आता फक्त माझं कमिशन. तीन टक्के धरू."

"ते किती होते?" सासऱ्यांनी विचारलं.

"वर्षाचे तीन लाख तीस हजार डॉलर, बाबा."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पोराकडे नीट पाहिलं.

"मंग तू त्या मिहानमध्ये रोज कायले जातं बे?"