बगलिहारचे दरवाजे आणि नऊ तासांचं पाणी

23 एप्रिल 2025 रोजी भारताने सिंधू जलकरार, म्हणजे पाकिस्तानशी 1960 मध्ये झालेला नद्यांच्या पाणीवाटपाचा करार, स्थगित ठेवला. तेव्हापासून एक मजकूर फिरतोय: ‘आता बगलिहारचे दरवाजे पाडले की पाकिस्तानचं पाणी बंद. सगळं पाणी पंजाब-राजस्थानकडे वळवू.’ सोबत जम्मूतल्या अखनूरच्या कोरड्या चिनाबचा फोटो. बगलिहार हे याच चिनाबवरचं जलविद्युत धरण.

‘दरवाजे पाडले की पाणी बंद.’ 900 मेगावॉटचा बगलिहार वाहत्या पाण्यावर चालतो. त्याचा वापरायचा साठा 3.256 कोटी घनमीटर, म्हणजे जेमतेम 1.15 टीएमसी (अब्ज घनफूट). नदीला 35,000 क्युसेक पाणी असलं तर दिवसाला 3 टीएमसी येतं. रिकामा साठा सुमारे नऊ तासांत तुडुंब, आणि मग तेच पाणी सांडव्यावरून खाली. हिवाळ्यात प्रवाह 7,000 क्युसेकवर उतरला तरी दोन दिवसांच्या आत हीच गत. शिवाय टर्बाइन पाणी पीत नाही. जेवढं आत जातं तेवढंच बाहेर पडतं.

‘मग फोटो खोटा?’ खोटा नाही, पण त्याचा अर्थ वेगळा. मे 2025 च्या सुरुवातीला बगलिहार आणि चिनाबवरच्याच सलाल धरणात गाळ धुतल्याच्या बातम्या होत्या. त्यासाठी जलाशय रिकामा करतात आणि पाण्याच्या जोराने गाळ बाहेर काढतात. खाली गढूळ लोंढा जातो. नंतर दरवाजे पाडून पुन्हा भरायला घेतलं की तेवढा काळ नदी आटते. भरलं की परत वाहते.

खरी मेख इथे आहे. करारानुसार तळचा मृतसाठा, म्हणजे वीजनिर्मितीला न वापरता तळाशी कायम ठेवायचं पाणी, एरवी रिकामा करता येत नाही आणि चिनाबवर तो भरायचा तर 21 जून ते 31 ऑगस्ट याच काळात, तेही पाकिस्तानातल्या मराला बंधाऱ्याच्या वर 55,000 क्युसेकपेक्षा प्रवाह कमी न करता. म्हणजे नदी भरलेली असताना. ही अट बाजूला पडली की पेरणीच्या तोंडावर काही दिवस पाणी मागे-पुढे करता येतं. हत्यार आहे ते वेळेचं. पाकिस्तानची तक्रारही मुख्यतः याचीच, आणि ती पोकळ नाही.

‘पाणी वळवू.’ कशातून? झेलमची उपनदी किशनगंगा हिचं पाणी वळवायला सुमारे 23 किलोमीटरचा बोगदा खणावा लागला, त्याची क्षमता 58.4 घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे 2,000 क्युसेकच्या थोडं वर. आणि ते पाणी वुलर सरोवरामार्गे झेलममध्ये पडून शेवटी पाकिस्तानातच जातं! चिनाबचं पाणी रावी-बियासकडे आणायचं तर डोंगरांखालून कितीतरी मोठे बोगदे आणि पलीकडे कालवे लागतील. हे वर्षानुवर्षांचं काम आहे.

आणखी एक दावा: ‘करारानेच हात बांधले होते.’ अर्धसत्य. पश्चिमेकडच्या सिंधू, झेलम आणि चिनाब या तिन्ही नद्यांवर मिळून 3.6 दशलक्ष एकर-फूट, सुमारे 157 टीएमसी, साठवायची मुभा 1960 पासून होती. म्हणजे दीड कोयना. तेवढीही धरणं आपण बांधली नाहीत. समजा उद्या बांधली, तरी त्या नद्यांच्या वार्षिक 135 दशलक्ष एकर-फुटांपुढे हा साठा सरासरी दहा दिवसांच्या पाण्याएवढाही भरत नाही.